महाडचा २० मार्च आणि फिर्यादीचा कागद

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे ज्ञातीच्या पूर्वपीठिकेवर लेख मागितला. आम्ही होकार दिला खरा. परंतु लिहावयास बसलो तो लेखणी त्या वाटेने जाईना. कुलदैवते, आडनावांची व्युत्पत्ती, घाटावरून कोकणात आणि कोकणातून मुंबईस झालेले आपले स्थलांतर, यांवर या स्मरणिकेत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते आमच्यापेक्षा जाणत्यांनी लिहिले आहे. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक घरांची मुळे महाड, पोलादपूर, माणगाव या तालुक्यांत आहेत. मग त्याच मातीत घडलेली, पण आपल्या कोणत्याही स्मरणिकेत न आलेली एक हकीकत यंदा सांगावी, असे आम्ही ठरविले. संपादकांनी मोठ्या मनाने संमती दिली, याबद्दल त्यांचे आभार.

मनुष्याने काही आगळीक केली म्हणून नव्हे, तर तो अमुक कुळात, अमुक धर्मात वा अमुक प्रांतात जन्मला एवढ्याचसाठी त्यास मारणे, लुटणे, गावाबाहेर काढणे, या प्रकारास हल्ली द्वेषमूलक गुन्हा म्हणतात. नाव नवे आहे. वस्तू फार जुनी आहे. अशा गुन्ह्याचे एक वैशिष्ट्य असे की, घाव एकाच्या अंगावर बसतो आणि धाक साऱ्या वस्तीला बसतो. तो धाक बसावा हाच मारणाऱ्याचा हेतू असतो. म्हणून मार खाल्लेल्याने त्यानंतर काय केले, यास इतिहासात मोठे महत्त्व आहे. महाडच्या चवदार तळ्याची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली. पण पाणी प्राशन केल्यानंतरच्या चार तासांत आणि पुढील दहा वर्षांत काय झाले, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

प्रारंभ कागदानेच झाला होता. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली वा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य वर्गास खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिला. तळ्यावर गुरे पाणी पीत होती, परधर्मीय भरीत होते. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांच्यापैकी एकाचीही घागर तीन वर्षे तेथे बुडाली नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी फार खटपट केली होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य वर्गातील मंडळीही बरोबर होती. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागून प्रतिनिधींची मिरवणूक शांतपणे तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि मंडपात परत आली. परिषद संपली. लोक जेवावयास बसले, काही सामानाची बांधाबांध करू लागले.

एवढ्यात गावात आवई उठली की, ही मंडळी आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. तसा कोणाचाही मनोदय नव्हता. परंतु आवईला पुरावा लागत नाही. काठ्या घेऊन जमाव निघाला आणि मंडपात जेवणाऱ्यांवर तुटून पडला. अन्न मातीत कालविले, भांडी फोडली, रस्त्यात जो एकटा-दुकटा सापडला त्यास झोडपले. जखमींत स्त्रियाही होत्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला आणि त्या घरांनी तो दिला. परतीच्या वाटेवरील गावांनाही निरोप गेले की, ही माणसे येतील तेव्हा त्यांना अद्दल घडवा.

आता वाचकांनी क्षणभर थांबून पुढील प्रसंग मनापुढे आणावा. डॉ. आंबेडकर डाक बंगल्यावर होते. पोलीस अधिकारी आणि मामलेदार त्यांच्याकडे आले व तुमची माणसे आवरा, असे म्हणू लागले. दुसऱ्यांस तुम्ही आवरा, माझी माणसे मी आवरतो, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ते स्वतः रस्त्यात उतरले, जमावास सामोरे गेले आणि मंदिरप्रवेशाचा काहीएक विचार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. बंगल्यावर परतले तो त्यांचीच शेकडो माणसे तेथे दातओठ खात उभी होती. त्यांत महायुद्धात लढून आलेले, लष्करातून निवृत्त झालेले लोक होते. काठी कशी चालवावी हे त्यांस शिकवावयास नको होते. एका शब्दाचाच अवकाश होता. महाडाच्या रस्त्यांतून त्या सायंकाळी रक्ताचे पाट वाहिले असते. तो शब्द मिळाला नाही. शांत राहा, हात उचलू नका, हीच आज्ञा मिळाली आणि ती पाळली गेली.

ही दुर्बळाची क्षमा नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. हात उचलला असता तर दुसऱ्या दिवशी दोन जमावांची दंगल एवढीच नोंद झाली असती, दोन्ही बाजूंची माणसे आरोपी झाली असती, आणि पाणी पिण्याचा कायदेशीर हक्क बजावल्याबद्दल मार खाल्ला ही गोष्ट त्या धुळीत नाहीशी झाली असती. हात आवरल्यामुळे कोणी मारले आणि कोणी मार खाल्ला, ते निर्विवाद राहिले. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला; पराक्रमाच्या अनेक कथा सांगितल्या. परंतु डाक बंगल्याच्या आवारातील त्या सायंकाळची बरोबरी करणारा पराक्रम शोधावयास आम्हांस फार पाने चाळावी लागतील.

मग सुरू झाले कागदाचे काम. डॉ. आंबेडकर लगोलग मुंबईस निघून गेले नाहीत. ते मागे राहिले आणि त्यांनी घडल्या प्रकाराची चौकशी केली. पोलिसांत फिर्यादी गेल्या, खटले उभे राहिले. ३ एप्रिल रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले आणि महाडची हकीकत छापील स्वरूपात गावोगाव पोचली. जून १९२७ मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्याने पाच आरोपींस चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. आपल्याच गावात, आपल्याच वर्गाच्या लोकांत, एका अस्पृश्यास मारल्याबद्दल तुरुंगात जावे लागते, ही गोष्ट महाडास नवीन होती. डॉ. आंबेडकरांनी मात्र एक कटू सत्य तेव्हाच नोंदवून ठेवले: जिल्ह्यातील प्रमुख अधिकारी स्पृश्य हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता. हे वाक्य आपणांस बोचते. बोचले पाहिजे.

तळ्याचे शुद्धीकरण झाले. एकशे आठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला १९२४ चा ठरावही मागे घेतला. त्या दिवशी काठ्या घेऊन निघालेल्यांत, अथवा शुद्धीकरणाच्या घागरी वाहणाऱ्यांत, आपल्या ज्ञातीचा कोणीच नव्हता, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या आजोबांचे घर तेव्हा महाडपासून हाकेच्या अंतरावर होते. त्या दिवसाविषयी ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. दार उघडे होते की लावलेले होते, हे विचारण्याचे वय आम्हांस आले तेव्हा ते हयात नव्हते.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी दुसरी परिषद भरवावयाचे ठरले, तेव्हा मार्चचा अनुभव वाया गेला नाही. सुरक्षिततेचा विचार आधीपासून झाला. गावात कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. स्थानिक व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून धान्य बाहेरून आणून साठविले. मुंबईची मंडळी आगबोटीने दासगाव बंदराला उतरली आणि तेथून एकटी-दुकटी न जाता, एकत्र, रांगेने, पायी महाडास गेली. तिकडे विरोधकांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. हजारो सत्याग्रही जमले असता न्यायालयाचा हुकूम मोडावा की मानावा, हा प्रश्न पडला. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. लोकांना ते रुचले नव्हते. तरी ते तळ्यास वळसा घालून शिस्तीने मिरवणूक काढून परतले.

तो दावा दहा वर्षे चालला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट अनादिकालापासून आहे, असे वादींचे म्हणणे. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयात आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात, तिन्ही ठिकाणी वादी हरले. अनादि म्हणविली जाणारी वहिवाट पुराव्याने सिद्ध होत नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. मार्च १९२७ ते मार्च १९३७! एवढा काळ कागदपत्रे सांभाळणे, साक्षीदार टिकविणे, तारखांना हजर राहणे, याला काठी उगारण्यापेक्षा किती अधिक दम लागतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या वाचकांस सांगणे नलगे.

जे हात उगारून साधले नाही ते गावोगाव बहिष्काराने साधण्याचा प्रयत्न झाला. मजुरी बंद, दुकान बंद, शेतातून जाण्याची वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत डॉ. आंबेडकर व डॉ. सोळंकी सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात या शस्त्राची भीषणता नमूद आहे. उघड मारामारीपेक्षा ते अधिक परिणामकारक, कारण त्यात कायद्याने पकडावे असे काही दिसतच नाही. गोलमेज परिषदेपुढे डॉ. आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि कलमांचा मसुदा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. ती मागणी पुरी व्हावयास महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ उजाडले.

येथे आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. ती न सांगता वरील सर्व लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या दिव्यावर आपली वाट उजळणे होय.

१९८४ चा वैशाख. मॅट्रिकनंतर शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आम्ही कोकणातील एका खेड्यात शिक्षक म्हणून लागलो होतो. नोकरी अद्याप कायम व्हावयाची होती. गावाचे नाव येथे देत नाही. दलित वस्तीची विहीर आटली होती. एका बाईने वरच्या वाडीच्या विहिरीवर हंडा भरला. तिला मारले आणि हंडा दगडाने चेचला. रात्री नऊच्या सुमारास तिचा नवरा तो चेपलेला हंडा घेऊन आमच्या खोलीच्या दाराशी आला. गावातील प्रत्येकाचे अर्ज आम्हीच लिहीत असू: तगाईचे, वारसनोंदीचे, एस.टी.च्या थांब्याचे. त्याने एवढेच म्हटले, "गुरुजी, फौजदाराला एक कागद लिहून द्या." आम्ही त्यास सांगितले की, आता उशीर झाला आहे, सकाळी ये.

उशीर झालेला नव्हता. कंदिलात तेल होते आणि टाक-दौतही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावकीची बैठक बसली, वर्गणीतून त्या माणसास नवा हंडा देण्यात आला आणि प्रकरण मिटले असे सर्वांस सांगण्यात आले. तो आमच्याकडे पुन्हा आला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या घराला कुलूप दिसले. आमची नोकरी यथाकाल कायम झाली.

त्या वेळीही कायदा होता. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. आज आपली मुले-मुली शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, डॉक्टर म्हणून गावोगाव आहेत. त्यांच्या दाराशीही कोणी चेपलेला हंडा घेऊन येईल. म्हणून आम्हांस तेव्हा जे ठाऊक नव्हते, ते थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम जिवाची काळजी. जमाव असेल तेथे वाद घालीत उभे राहू नये. बायकामुलांसह विश्वासाच्या घरी जावे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावे. जखम झाली असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवून, कोणी व कशाने मारले ते तेथे सांगून, कागद घ्यावा. फाटलेले कपडे धुऊ नयेत, फुटलेली वस्तू फेकू नये. महाडच्या मंडपातील फुटकी भांडीही पुरावाच होती. मग फिर्याद. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठल्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यावर खबर घ्यावीच लागते, आणि तिची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ठाण्यावर नकार मिळाला तर निराश होऊन परतू नये. तोच मजकूर पोलीस अधीक्षकांस टपालाने पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी, आणि तेथेही दाद न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा विनाशुल्क राष्ट्रीय क्रमांकही आहे.

फिर्यादीत काय लिहिले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. नुसते "मारहाण केली" असे लिहिले की खटला नुसत्या मारहाणीचा होतो. कोणते शब्द उच्चारले, जातीचा उल्लेख कसा केला, ती जागा लोकांच्या नजरेसमोरची होती काय, त्या वेळी कोण कोण हजर होते, मारणारा आपणांस पूर्वीपासून ओळखत होता काय, हे जसेच्या तसे, लाज न बाळगता सांगावे. शिवी सभ्य करून लिहू नये. आम्हा शिक्षकांस तशी खोड असते! भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नव्हे. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो कायदा लागू केला नाही. साऱ्या देशाने जे ओळखले ते निकालपत्रात येऊ शकले नाही.

या कायद्याखाली तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकास शिक्षेची तरतूद आहे. २०१६ पासून पीडित व साक्षीदार यांस संरक्षण, प्रवासखर्च आणि खटल्याची माहिती मिळण्याचा हक्कही आहे. साक्षीदार फुटतात म्हणून आपण नाके मुरडतो; परंतु साक्षीदार ज्याच्या शेतावर मजुरीला जातो तोच आरोपी असेल तर तो किती दिवस टिकेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या सभांतून "या कायद्याचा गैरवापर होतो" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. खोटी फिर्याद कोठल्याही कायद्याखाली होऊ शकते; धनादेश न वटल्याच्या खोट्या फिर्यादीही होतात, पण म्हणून तो कायदा नको असे आपल्यातील व्यापारी मंडळी म्हणत नाहीत. आणि न लिहिल्या गेलेल्या फिर्यादींची मोजदाद कोणी करीत नाही. त्यांतील एकीची माहिती आम्हांस आहे.

द्वेषाचा घाव कोणत्या दिशेने येईल, याचाही भरवसा नसतो. मुंबईत भाषेवरून, परप्रांतात प्रांतावरून, परदेशी वर्णावरून आपल्याच मुलांवर तो येऊ शकतो. २०२४ पासून अमलात असलेल्या न्यायसंहितेत पाच वा अधिक लोकांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येस वेगळे कलम आहे, आणि त्यास देहान्त वा जन्मठेपेची शिक्षा आहे.

राहता राहिला सामाजिक बहिष्काराचा कायदा. तो तर आपणांसारख्या ज्ञातिसंस्थांच्या अगदी उंबरठ्यावर येऊन उभा आहे. आंतरजातीय विवाह केला म्हणून, पंचांचे ऐकले नाही म्हणून, एखाद्या कुटुंबाचे लग्नकार्य, अंत्यविधी, देवळातील मान बंद करणे हा आता गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. असा निर्णय घेण्यासाठी बैठक भरविणाराही त्यात सापडतो. संस्थेच्या जुन्या कार्यवृत्तांत "संबंध ठेवू नयेत" असे शब्द असलेले ठराव आम्ही स्वतः वाचले आहेत. ते रद्द झाल्याचा ठराव मात्र आमच्या वाचनात आला नाही. येत्या वार्षिक सभेपुढे तसा ठराव मांडण्याची सूचना आम्ही चिटणीसांकडे लेखी दिली असून, तिची पोच घेतली आहे.

संस्थेच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बसतो. अर्ज, फिर्याद, अधीक्षकांस पाठवावयाचे पत्र, जे लागेल ते लिहून देतो. येणाऱ्यास त्याची ज्ञाती विचारीत नाही. रविवारी जमत नसेल तर घरी यावे. रात्री नऊनंतरही चालेल.